भिंतीवरचा गडगडाट

पीव्हीसी पाइपचा चार इंची तुकडा, हातभर लांब. एका तोंडाला झाकण पक्कं चिकटवलं, दुसऱ्यावर फुगा कापून तबल्याच्या पुडीसारखा ताणून बांधला. फुग्यावर नखाएवढी आरशाची कपची. ती मधोमध नको, थोडी कडेला हवी. गडगडाटानं फुगा थरथरला की मधोमधची कपची नुसती पुढंमागं होते, कडेला असली की कलते. तिच्यावर लेझर सोडायचा आणि परतलेला ठिपका समोरच्या भिंतीवर पाहायचा. आरसा केसभर कलला तरी ठिपका बोटभर सरकतो.

*

झाकणाला सुईनं भोक पाडावंच लागतं. आमच्या साखरा गावात मे महिन्याच्या दुपारी पाइपातली हवा तापून फुगते, फुगा बाहेर येतो, ठिपका भिंत सोडून छतावर जातो. भोकातून ती हवा सावकाश निघून जाते. गडगडाटाची लाट मात्र सेकंदात कित्येकदा पुढंमागं होते. एवढ्या बारीक वाटेनं निसटायला तिला वेळच मिळत नाही.

*

आवाज पाहायची ओढ जुनी आहे. पॅरिसच्या स्कॉट द मार्टिनव्हिल यांनी १८५७ मध्ये फोनोटोग्राफचं पेटंट घेतलं. पडदा थरथरला की काजळी धरलेल्या कागदावर रेघ उमटायची. ती पुन्हा वाजवायची सोय नव्हती, तसा हेतूही नव्हता. आपल्याकडे सी. व्ही. रामन यांनी पुडीवर बारीक वाळू पसरून ती कुठं हलते, कुठं स्थिर राहते हे पाहिलं आणि १९३४ मध्ये त्यावर लिहिलं.

*

ठिपका सुंदर नाचतो, पण नोंद मागं राहत नाही. म्हणून पाइपाशेजारी साधा कंडेन्सर माइक, जुन्या लॅपटॉपवर ऑडॅसिटी हे ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर आणि त्यातला स्पेक्ट्रोग्राम. आडवा वेळ, उभी कंपनसंख्या, जोर असेल तिथं रंग उजळ. मोबाइल या कामाला पुरत नाही. तो बोलण्यासाठी जुळवलेला असतो, खर्जातलं बरंच गाळून टाकतो. आणि गडगडाटाचा मोठा जोर तर १०० हर्ट्झच्या आसपास आणि त्याखालीच असतो. माइकवर स्पंज, त्यावर गोणपाट. वारा थेट लागला तर चित्राचा तळ नुसता पांढरा होतो.

*

जवळची वीज म्हणजे तळापासून माथ्यापर्यंत एक उभी रेघ. दूरची म्हणजे तळाशी पसरलेला उजेड, कारण वरच्या पट्टीचे आवाज वाटेत हवेनं शोषलेले असतात. पण खरं पाहण्यासारखं आहे ते त्या उजेडातले वेगवेगळे डाग. विजेची वाट वाकडीतिकडी आणि कित्येक किलोमीटर लांब असते. ती जवळजवळ एकाच क्षणी ३०,००० अंशांच्या घरात तापते, पण जवळचं टोक आपल्याला आधी ऐकू येतं, लांबचं नंतर; म्हणून डाग वेगवेगळे. समजा वीज चमकल्यावर ६ सेकंदांनी आवाज सुरू झाला आणि २० व्या सेकंदाला थांबला. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे जवळचं टोक दोन किलोमीटरवर, लांबचं जवळजवळ सातवर. डोंगराचा प्रतिध्वनी नसेल तर ती वीज निदान पावणेपाच किलोमीटर लांब होती! कानाला जे एकच लांबलचक गुरगुरणं वाटतं, त्यातून अख्ख्या विजेचं माप निघतं. एवढ्यासाठी सगळा खटाटोप करावा असं मला मनापासून वाटतं.

*

शेजारच्या काकू दर वेळी विचारतात, "हे वरून आलं का खालून?" आमच्या जिल्ह्यात हा प्रश्न खरा आहे. वसमत तालुक्यात पांगरा शिंदेच्या बाजूला जमिनीतून गूढ आवाज कित्येक वर्षं येताहेत. २१ मार्च २०२४ ला सकाळी ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, १० जुलैला पुन्हा तेवढाच. म्हणून जमिनीची थरथर टिपायला बझरमधली पितळी चकती ओट्याच्या दगडाला घट्ट चिकटवली आणि तिची वेगळी पट्टी पडद्यावर घेतली. मोठ्या कडकडाटानं ओटाही थरथरतो. तेव्हा कोणती पट्टी जास्त उजळली आणि आधी वीज चमकली होती का, हे दोन्ही पाहून काकूंना सांगायचं.

*

आमच्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहणार आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेले २,६०० कोटी. अमेरिकेतल्या लायगोनं १४ सप्टेंबर २०१५ ला पकडलेल्या पहिल्या गुरुत्वीय लहरीचं जगभर छापलेलं चित्रही असाच स्पेक्ट्रोग्राम आहे, ३५ हर्ट्झपासून २५० पर्यंत झपकन चढलेली उजळ रेघ. शाळेतल्या पोरांना आधी आपल्या गावच्या विजेचं चित्र वाचायला शिकवावं, मग हे समोर ठेवावं.

*

शिजवलेली हळद अंगणात पसरलेली असते नेमक्या त्याच दिवसांत अवकाळी येतो. ताडपत्री कधी टाकायची हे हा पाइप सांगणार नाही. विजेच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप आहे. त्यामागची यंत्रं आवाज नव्हे, विजेच्या रेडिओलहरी पकडतात. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज आपल्यापर्यंत पोचू शकते, एवढं धरून चालावं. लॅपटॉप बॅटरीवर, चार्जर काढलेला, एकही वायर खिडकीबाहेर नाही. आणि शेतातल्या आखाड्यावरच्या माणसाला आधी फोन, रेकॉर्डिंग नंतर.

*

पुढचं काम, हस्त नक्षत्र लागायच्या आत: दोन माइक ३४ मीटर अंतरावर, दोन्ही छपराखाली. आवाज त्यांच्या रेषेतून आला तर दोन नोंदींत सेकंदाच्या दहाव्या हिश्शाचा फरक, अगदी आडवा आला तर शून्य. ढग सेनगावकडं निघालाय की आमच्याकडं, हे दोन माइकवरून पुरतं कळत नाही. तिसरा माइक कुणाच्या घरी लावायचा ते विचारून ठेवायचं.