पॅरिसचा तिकोनी मनोरा

पॅरिसला जाऊन आलेल्या बाईनं आयफेल टॉवर, अत्तरं नि दुकानं यांविषयी लिहावं, अशी रीतच आहे. मी मात्र एका अर्धवट इमारतीबद्दल सांगणार आहे.

२०२४ च्या मे महिन्यात लेकीकडे गेले होते. तिचं घर शहराच्या दक्षिण टोकाला, पोर्त द व्हर्साय भागात. पहिल्याच सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीशी उभी राहिले, तर समोर क्रेन नि काँक्रीटचे मजले!

“अगं, हे काय चाललंय?”

“आई, तो त्रिकोणी टॉवर. इतकी वर्षं नुसतं ऐकत होतो, आता कुठं वर येतोय.”

‘तूर त्रिआंग्ल’ हे त्याचं नाव. उंची १८० मीटर, मजले ४२. आकार मोठा गमतीचा. एका बाजूनं पाहिला तर सुळका आणि दुसऱ्या बाजूनं भलामोठा त्रिकोण. चिडलेले लोक त्याला टॉब्लेरोन चॉकलेट म्हणतात!

या मनोऱ्याची घोषणा झाली २००८ साली. २०१४ मध्ये नगरपरिषदेत तो ८३ विरुद्ध ७८ मतांनी फेटाळला गेला, २०१५ मध्ये ८७ विरुद्ध ७४ मतांनी मंजूर झाला. मग कोर्टकचेऱ्या, पैशाची जुळवाजुळव. प्रत्यक्ष काम सुरू व्हायला २०२२ उजाडलं. आयफेल टॉवर सव्वादोन वर्षांत उभा राहिला होता, बरं का! अर्थात त्यालाही १८८७ मध्ये मोठमोठ्या लेखक-कलावंतांनी पत्र लिहून विरोध केलाच होता.

पॅरिसकरांना उंच इमारतींची एवढी धास्ती का? १९७३ साली तिथं माँपार्नासचा २१० मीटरचा काळा टॉवर झाला. तो लोकांच्या डोळ्यांत इतका खुपला, की १९७७ मध्ये ३७ मीटरची मर्यादाच घातली गेली. २०१० नंतर शहराच्या कडेला काही ठिकाणी ती सैल झाली, त्यातूनच हा त्रिकोण आला. आणि गंमत पाहा, इकडे त्याचं काम चालू असतानाच २०२३ मध्ये नगरपरिषदेनं पुन्हा ३७ मीटरचा ठराव केला.

लेकीच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांच्याकडे कॉफीला गेलो. त्या म्हणाल्या, “इथं हिवाळ्यात आधीच ऊन दुर्मीळ. त्यात दक्षिणेला हा उभा राहणार. आणि आत काय, तर ऑफिसं नि हॉटेल! घरं नाहीत.” आकार निमुळता आहे, त्यामुळे सावली कमी पडेल, असं वास्तुकारांचं म्हणणं. मादामना ते पटत नव्हतं. खालचा पाववाला मात्र खुशीत. दुपारी कामगारांची त्याच्याकडे रांग लागते!

मादाम खिडकीतल्या कुंड्या उन्हाकडे सरकवत होत्या, तेव्हा मला साताऱ्याची आमची गच्ची आठवली. शेजारी सहा मजली इमारत झाली आणि आमचं सकाळचं ऊन गेलं. कुरडया-सांडगे आता दुपारपर्यंत ओलसरच. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं, मतं घेणं तर दूरच.

आणि आता आमच्याच घराच्या जागी सात मजले बांधायचा कागद एका बिल्डरनं आणून दिला होता. हे सहीला तयार होते, मीही मनात नव्या स्वयंपाकघराचे ओटे मोजून ठेवले होते. पण आमच्या मागं, उत्तरेला, काकूंचं बैठं घर आहे. आमची सावली त्यांच्याच अंगणात पडायची.

परत आल्यावर ह्यांना म्हटलं, “सहीआधी काकूंकडे जाऊन येऊ.” हे आधी हसले. म्हणाले, “त्या नको म्हणाल्या तर?” मला उत्तर सुचलं नाही. तरी गेलो.

काकूंनी चहा केला, सगळं ऐकून घेतलं. मग अंगणातल्या तुळशीकडे बघत एवढंच विचारलं, “हिला ऊन किती वाजेपर्यंत मिळेल गं?”

कागद अजून कपाटातच आहे.