वाऱ्याची वेळ

नवरात्रात कळसूबाईच्या पायथ्याशी, बारी गावात, एका प्रौढ स्त्रीच्या अंगात वारे आलेले मी पाहिले. केस मोकळे, नेत्र अर्धोन्मीलित, देह ढोलाच्या ठेक्यावर घुमत असलेला. आणि एरवी सासूसमोर मान वर न करणारी म्हणून जिची ख्याती, ती भल्याभल्यांना एकेरीत जाब विचारीत होती. घटकाभराने तिने केस बांधले, पदर सावरला आणि धाकट्याने भाकरी खाल्ली की नाही याची चौकशी केली.

हे देवाचे की दुखण्याचे, असे मी शहरी माणसाच्या उद्धट जिज्ञासेने शेजारच्या वृद्ध भगताला विचारले. तो म्हणाला, "वारं येतं आन् जातं. जे जात नाही, ते वारं नव्हं." मग त्याने एका तरुणाची हकीकत सांगितली. त्याला अहोरात्र आवाज ऐकू येत. कोणी विष घातले असेल या धास्तीने तो अन्न टाकी. तीन अमावास्या अंगारा लावून पाहिल्यावर भगतानेच त्याला तालुक्याच्या दवाखान्यात धाडले होते. (तीन अमावास्या कशासाठी थांबलात, हा प्रश्न मी गिळला, गिळायला नको होता.)

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९२ च्या रोगसूचीने अंगात येण्याला विकारांत जागा दिली खरी, परंतु ते अनैच्छिक वा नकोसे असावे, आणि धर्माने वा रूढीने मान्य केलेल्या प्रसंगाची मर्यादा ओलांडून नित्य व्यवहारात शिरणारे असावे, अशी अट घातली. भगताच्या वाक्याचाच हा दफ्तरी तर्जुमा. पूर्वीच्या इंग्रजी अंमलाला इतका विवेक सुचला नव्हता. कळसूबाईच्याच मुलुखात, भंडारदऱ्यास, प्रवरेला बांध घालण्याचे काम १९१० साली सुरू होऊन १९२६ साली पुरे झाले. त्या अवधीतच, १९१२ साली, वेड्यांचा कायदा आला आणि मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाने माणसाला वेड्यांच्या इस्पितळात दाखल करण्याची रीत त्यात नमूद झाली.

वडील गेले त्या वर्षी याच धरणाकाठी एका विश्रामगृहात उतरलो असता, पहाटे व्हरांड्यातून त्यांचा खोकला मला स्वच्छ ऐकू आला. दोनदा, आणि मागोमाग घसा खाकरण्याची ती ओळखीची लकब. दार उघडले, बाहेर धुके. कोणापाशी बोललो नाही. डॉक्टरने झोपेचे औषध लिहिले असते, भगताने राहिलेल्या विधीची आठवण दिली असती, आणि दोघांनी मिळून तो खोकला माझ्याकडून काढून घेतला असता. भगताच्या निकषाने मी निरोगी ठरतो, कारण तो पुन्हा आला नाही. त्यानंतर तेथे दोनदा मुक्काम पडला. दोन्ही वेळा खोली मी तीच मागून घेतली.