मोदकाचा हिशेब

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मंडळाच्या गणेशोत्सवात आमची सहा वर्षांची लेक प्रसादाच्या रांगेत उभी होती. वाढणाऱ्या काकूंनी मायेनेच तिच्या ताटलीतला मोदक उचलून घेतला. "बाळा, तुला शुगर आहे ना? तुला नको हं." तिथे ती काही बोलली नाही. गाडीत बसल्यावर मात्र विचारलं, "बाबा, बाप्पा माझ्यावर रागावलाय का?"

काकूंना दोष कसा देऊ? ती चार वर्षांची असताना टाइप वन डायबिटीसचं निदान झालं, तेव्हा मलाही वाटलं होतं, आपणच चॉकलेटं फार दिली. तिची सततची तहान, रात्री पुन्हा ओलं होऊ लागलेलं अंथरूण, उतरलेलं वजन हे सगळं आम्ही उन्हाळ्यावर ढकललं होतं. डॉक्टरांनी समजावलं, हा गोड खाल्ल्याने होणारा आजार नव्हे. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. १९२२ साली टोरांटोमध्ये एका मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी अशी मुलं फार काळ जगत नसत.

आता आमच्या ओट्यावर वजनकाटा असतो. पोळी असो की वरणभात, कार्ब्ज मोजायचे आणि त्या मानाने इन्सुलिन द्यायचं. मी पडलो कॉम्प्युटरवाला! वाटलं, एक्सेल शीट केली की झालं. पण तोच वरणभात, तेवढंच इन्सुलिन, आणि सोमवारी आकडा १२०, तर मंगळवारी २६०! सर्दी, खेळ, परीक्षेची धास्ती यांचा रकाना कुठे घालायचा?

एकदा रात्री दोन वाजता सेन्सर वाजला. आकडा ५४. लेकीला उठवून बसवलं, ज्यूस पाजला आणि आम्ही दोघं पंधरा मिनिटं घड्याळाकडे बघत राहिलो. त्या वेळी साखर हेच तिचं औषध असतं.

गेल्या वर्षी माझी आई पुण्याहून आली. निदान कळल्यापासून फोनवर रडणाऱ्या आईने पिठी, गूळ, खोबरं काट्यावर तोलून मोदक केले आणि डब्यावर चिठ्ठी लावली: "एका मोदकात किती, ते लिहिलंय." लेकीने चिठ्ठी वाचली, इन्सुलिन घेतलं आणि दोन मोदक खाल्ले.

यंदा आरतीनंतर ती पुन्हा रांगेत असेल. तिच्या ताटलीतला मोदक राहू द्या. त्यात गूळ किती घातलाय, तेवढं मात्र आम्हाला सांगा.