पडद्यावरची वर्दी

महायुद्धावरील चित्रपट लागला की घरातील मुले विमाने पाहतात. मी बाह्या पाहतो. माझे वडील शिंपी होते. लढाईच्या दिवसांत मुंबईत त्यांनी पुष्कळ लष्करी वर्द्या शिवल्या. वर्दी वाचता आली पाहिजे, असे ते म्हणत. ती सवय मला लागली, आणि इस्राएलला आल्यावरही सुटली नाही.

नट चांगला, गोष्ट चांगली, मग बटणांचे काय घेऊन बसलात, असे काहीजण विचारतील. पण पाहा. ब्रिटिश विमानदलाच्या अधिकाऱ्याच्या टोपीवर आणि वैमानिकाच्या छातीवरील पंखांवर मुकुट असतो. युद्धकाळी सहावे जॉर्ज राजे होते. त्या वेळच्या मुकुटाची कमान वर गोल होती. 1952 साली एलिझाबेथ राणी झाल्या आणि पुढे दुसऱ्या घडणीचा मुकुट आला. त्याची कमान मधोमध दबलेली. 1940 च्या प्रसंगात असा मुकुट दिसला की समजावे, बिल्ला नंतरचा आहे. छातीवरील फितींचेही तसेच. 1939-45 स्टार या पदकाची घोषणाच मुळी 1943 साली झाली. मग 1940 च्या वैमानिकाच्या छातीवर त्याची फीत कोठून येणार?

या चुका लहान आहेत. त्यांनी कोणाचे नुकसान होत नाही. खरे नुकसान होते ते वर्दीबरोबर माणूसच गाळला जातो तेव्हा.

ब्रिटनच्या 1940 च्या हवाई लढाईत पुष्कळ वैमानिक साधे सार्जंट होते. त्यांच्या दंडावर तीन फिती असत. चित्रपटवाले मनगटावर पट्टे असलेल्या अधिकाऱ्यांतच रमतात. त्या लढाईत 145 पोलिश वैमानिक होते. 'पोलंड' हे नाव त्यांच्या खांद्याशी शिवलेले असे. 1969 च्या 'बॅटल ऑफ ब्रिटन' चित्रपटात त्यांना जागा मिळाली, हे चांगले झाले. पण महिंदरसिंग पुजी? 1940 साली ते हिंदुस्थानातून ब्रिटनला गेले व पुढे हरिकेन विमाने उडवली. त्यांनी पगडी सोडली नाही. तिच्यावरच विमानदलाचा बिल्ला लावला आणि कानाचे यंत्रही तिच्यावरूनच बांधले. 2010 साली ते वारले. 2014 साली इंग्लंडमध्ये ग्रेव्हसेंड येथे त्यांचा पुतळा उभा राहिला. अशी पगडी आपण पडद्यावर किती वेळा पाहिली?

हॅना सेनेश आपल्या मुलांना कवयित्री म्हणून ठाऊक आहे. पण 1943 साली ती ब्रिटिश विमानदलाच्या स्त्री-शाखेत भरती झाली होती. 1944 च्या मार्चमध्ये ती हवाई छत्रीने युगोस्लाव्हियात उतरली, आणि 7 नोव्हेंबरला बुडापेस्टमध्ये तिला गोळ्या घालण्यात आल्या. 1988 साली तिच्यावर 'हॅनाज वॉर' हा चित्रपट निघाला. तिच्या अंगावर वर्दी दाखवणे ही शोभा नव्हे. ती शिपाई होती, याची ती साक्ष आहे.

वाचकहो, आपल्यापैकी कित्येकांच्या पेटीत आजोबांचा किंवा मामांचा वर्दीतला फोटो असेल. तो काढा. मागे नाव, पलटण, गाव आणि साल लिहा. बाहीवरील फिती नातवंडांना समजावून सांगा. उद्या कोणी चित्रपट काढायला निघाला, तर अशाच फोटोंवरून त्याला खरी वर्दी कळेल, आणि ती अंगावर घालणारा माणूसही.