एका गाण्याच्या बाई

उषा मंगेशकर म्हणजे कोण, या प्रश्नाला आमच्या जामबागेत एके काळी तीन उत्तरे होती. समोरच्या मारवाडी काकूंचा शुक्रवारचा उपवास असे. त्यांच्या लेखी उषाताई म्हणजे १९७५च्या ‘जय संतोषी माँ’मधील आरती. गल्लीतल्या पोरांच्या लेखी त्या १९७७च्या ‘इन्कार’मधील ‘मुंगडा’. आणि आमच्या माजघरात, जिथे आत्याचे राज्य होते, तिथे त्या १९७२च्या ‘पिंजरा’तील लावण्यांच्या गायिका. गळा एकच; परंतु या तिन्ही पक्षांना दुसऱ्याचे गाणे आपल्याच बाईंचे आहे, हे सांगूनही पटत नसे. काकूंच्या प्रसादात गूळ-चणे आणि पोरांच्या गाण्यातही गूळ आणि मुंगळा, एवढाच काय तो मेळ!

पुढे काकू गेल्या, ‘पिंजरा’ची तबकडी घासून निकामी झाली, आणि रस्त्यावर एकटा ‘मुंगडा’ उरला. पुतळीबावडीच्या एका लग्नात बँडवाले तेच वाजवीत होते. आत्याने मुद्दाम थांबून विचारले, हे कोणी गायले आहे? बँडमास्तर हसून म्हणाला, “वो मुंगडावाली बाई ना, अम्मा!” आत्या जागच्या जागी ताठ झाली. “बाई का नाम है जी, नाम लेके बोलो,” एवढेच म्हणाली आणि चालू लागली. त्या रात्री ती जेवली नाही. एका पार्श्वगायिकेसाठी हा रुसवा मला तेव्हा अति वाटला होता.

वस्तुतः तिचा राग रास्त होता. १९३५ साली जन्मलेल्या उषाताईंनी ‘सुबह का तारा’पासून, म्हणजे १९५४पासून, चित्रपटांत गायला आरंभ केला. दुसऱ्याच वर्षी ‘आझाद’मध्ये सी. रामचंद्रांनी त्यांना लताबाईंच्या जोडीला घेऊन ‘अपलम चपलम’ गाऊन घेतले. दोन नर्तकींच्या त्या गाण्यात धाकटीचा आवाज थोरलीच्या सावलीत दडत नाही, हे आजही कान देऊन ऐकणाऱ्यास कळेल. पुढे दादा कोंडके यांच्या चित्रपटांत महेंद्र कपूर यांच्या बरोबरीने त्या किती गायल्या, हे आपल्यापैकी ज्यांची सुट्टी पुण्या-सोलापुराकडे गेली त्यांना सांगावयास नको. असमिया, बंगाली, गुजराती, नेपाळी अशा कितीतरी भाषांत त्यांनी गाणी म्हटली. शिवाय त्या चित्रकार.

मग ‘मुंगडा’च का उरला? माझ्या मते त्याचे उत्तर ‘पिंजरा’तच आहे. व्ही. शांताराम यांच्या त्या चित्रपटासाठी राम कदम यांनी बांधलेल्या चालींत आणि जगदीश खेबुडकरांच्या शब्दांत उषाताईंना लावणीचा ठसका पुरता गवसला होता: शब्दाचे पहिले अक्षर ढोलकीवरच्या थापेसारखे टाकायचे आणि ओळीचा शेवट अलगद उचलून सोडून द्यायचा. हेलन यांच्या नृत्यगीतांना तोवर बहुधा आशाबाईंचा आवाज लाभे. क्लबमधला, श्वासांचा, पाश्चात्त्य वळणाचा. ‘इन्कार’मधले नृत्य दारूच्या गुत्त्यातले होते. तिथे मातीचा वास असलेला आवाज हवा होता. राजेश रोशन यांनी तो नेमका ओळखला. शब्द मजरूह सुलतानपुरींचे, कथेचे मूळ कुरोसावांच्या जपानी चित्रपटात, आणि ठसका मात्र अस्सल फडावरचा! आमची आत्या ज्या गाण्यावर कानांवर हात ठेवी, त्यात तिचाच ‘पिंजरा’ वाजत होता. हे मी तिला सांगितले असते, तर मला ताट मिळाले नसते, हे खरे.

२०१९ साली ‘टोटल धमाल’मध्ये या गाण्याची नवी आवृत्ती निघाली आणि उषाताईंनी जाहीर नापसंती दर्शविली. ते वाचताना मला बँडमास्तर आठवला. ज्या गाण्याने बाकीची गाणी झाकली, त्याचीही बाईंनी अशी राखण करावी, याचे मला नवल वाटले. पण आपले गाणे ते आपलेच. २०२० साली महाराष्ट्र शासनाने लता मंगेशकर पुरस्कारासाठी त्यांचे नाव घोषित केले, तेव्हा आत्या हयात नव्हती.

आत्याच्या रुसव्याचे खरे कारण मला फार उशिरा उमगले. १९६०च्या आसपास कधीतरी, मुलगी असताना, गणेशोत्सवाच्या मेळ्यात तिने एक ठसकेबाज पद म्हटले होते. लोकांनी ते तीनदा म्हणवून घेतले, आणि तेव्हापासून अख्खा मोहल्ला तिला त्या पदाच्याच नावाने ओळखू लागला. तिने घरी बसून तीस-एक वर्षे मुलींना रागदारी शिकवली. ओळख मात्र बदलली नाही. भाजीवालाही त्याच नावाने हाक मारी. ती ओ देई, पण हसत नसे.

तिच्या शोकसभेत घरातर्फे मी बोललो, आणि काय बोललो? तेच पद, तोच मेळा, ते तीनदा म्हणवून घेणे. लोकांनी माना डोलावल्या. सभा संपल्यावर तिची एक जुनी शिष्या जवळ आली आणि हळूच म्हणाली, “दादा, बाईंच्या यमनाविषयी एक वाक्य बोलायला हवे होते.”

घरी येऊन मी कपाटातून आत्याची वही काढली. भूप, यमन, दुर्गा, बागेश्री. प्रत्येक बंदिशीखाली शिकणाऱ्या मुलींची नावे आणि तारखा, हिरव्या शाईत. मेळ्यातले ते पद वहीत कोठेही नव्हते.