बोटांच्या मापाचा लिव्हर

उभी मोटारसायकल कलंडली की टाकी बहुधा वाचते, इंडिकेटरही कधी कधी वाचतो. लिव्हर मात्र हटकून जातो. हँडलच्या टोकाशी तोच सगळ्यांच्या पुढे आलेला असतो. नुसता वाकला असेल तर मालकाला वाटतं, निभावलं. मग तो पान्यात धरून सरळ करायला जातो आणि हातात दोन तुकडे येतात. ओतीव अ‍ॅल्युमिनियम एकदा वाकणं सोसतं, उलट फिरणं सोसत नाही. काही लिव्हरांना टोकापासून थोडी आत एक खाच असते. ती शोभेची नव्हे. तुटायचंच असेल तर तिथे तुटावं आणि उरलेल्या थोटकावर दोन बोटं टेकवून घर गाठता यावं, म्हणून ती मुद्दाम ठेवलेली असते.

पुण्यात असं थोटूक खिशात घालून लोक नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत येतात. नुसतं गाडीचं नाव सांगून भागत नाही. कुठल्या सालची, पुढे ड्रम की डिस्क, अशी उलटतपासणी होते आणि मग ठरलेला प्रश्न येतो, "कंपनीचा देऊ की चालू?" गिऱ्हाईक नव्या लिव्हरची चकाकी बघतं. काउंटरमागचा माणूस जुना-नवा एकावर एक ठेवून भोकं जुळतात का ते बघतो. एक भोक लिव्हरला हँडलवर धरणाऱ्या योकमध्ये बसणाऱ्या बोल्टचं, दुसरं क्लच वायरच्या निप्पलचं.

खरी सगळी गोम या दोन भोकांमधल्या अंतरात असते. समजा, निप्पल बोल्टपासून २५ मिलिमीटरवर आहे आणि बोटं १२५ वर. म्हणजे हाताचा जोर पाचपट होऊन वायरीवर पोचतो. तेच निप्पल ३० वर गेलं की पट उतरतो सव्वाचारच्या खाली. क्लच जड लागतो, वायर मात्र जास्त ओढली जाते. डोळ्यांना हा फरक पाच मिलिमीटरचा. सिग्नलामागून सिग्नल घेत कर्वे रोडवरून जाणाऱ्या मनगटाला तो बरोबर कळतो. बोल्टचं भोकही तसंच. वर्षानुवर्षं ग्रीसचं बोट न लागलेल्या लिव्हरचं भोक झिजून लांबट होतं आणि लिव्हर वर-खाली डुगडुगतो. मग पुष्कळजण वायर बदलून बघतात, योक आवळून बघतात. रोग भोकात असतो.

जुन्या गाड्यांची तऱ्हा वेगळी. १९८५ साली आलेली यामाहाची आरएक्स १०० बंद झाली १९९६ मध्ये आणि येझदी बनवणाऱ्या म्हैसूरच्या आयडियल जावाचा कारखानाही त्याच वर्षी बंद पडला. त्या गाड्या पाळणारे अजून आहेत. बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात गंजलेल्या ढिगापुढे उकिडवं बसून पार्ट निवडणाऱ्यांत ते हमखास दिसावेत. येझदीवाल्याचा जीव तर हाताच्या लिव्हरपेक्षा पायाच्या लिव्हरमध्ये जास्त अडकलेला. तोच गिअर आणि तोच किक. आत दाबून वर फिरवला की काम बदलतं. शिवाय पायाने गिअर दाबताच आतल्या आत क्लचही सुटतो, म्हणून चालत्या गाडीत डाव्या हाताला सुट्टी देता येते. इतकी कामं एका दांड्यावर टाकल्यावर त्याच्या आतले दाते झिजणारच.

आता तरुण गिऱ्हाइकाला हवा असतो सीएनसी. अ‍ॅल्युमिनियमच्या सलग ठोकळ्यातून कोरलेला, लाल नाहीतर सोनेरी, मुळाशी आकडे लिहिलेली चकती. चकती फिरवली की लिव्हर मुठीच्या जवळ येतो किंवा लांब जातो. याला नुसती हौस म्हणून नाक मुरडणं बरोबर नाही. लिव्हर किती लांब असावा हे कंपन्यांनी वर्षानुवर्षं एका ठरावीक पंजावरून ठरवलं. आखूड बोटांच्या माणसाला, विशेषतः कितीतरी बायकांना, ब्रेक धरण्यासाठी मुठीवरची पकडच सैल करावी लागते. २०२३ साली रॉयल एनफिल्डने सुपर मिटिऑर ६५० आणली, तिला अशी सोय कारखान्यातूनच दिली. हे फार आधी व्हायला हवं होतं.

स्वस्त सीएनसी लिव्हर फसवतो तो रंगात नव्हे, मुळाशी असलेल्या नखाएवढ्या उंचवट्यात. ब्रेक सोडलेला असताना हा उंचवटा मागच्या दिव्याचं स्विच दाबून धरतो. तो जरा बुटका निघाला की दिवा दिवसभर जळत राहतो आणि मागून येणाऱ्याला ब्रेक लागल्याचं कळतच नाही. पुष्कळ गाड्यांत क्लचलाही तसंच स्विच असतं. ते नीट चाललं नाही की सेल्फ गप्प, आणि माणूस बॅटरीला दोष देत बसतो.

डिस्कच्या बाजूला चूक महाग पडते. लिव्हर आणि मास्टर सिलिंडरचा पिस्टन यांच्यात अगदी थोडी मोकळीक लागते. नव्या लिव्हरचं नाक जाड असेल तर पिस्टन सुटलेल्या स्थितीतही थोडा आत दाबलेला राहतो आणि ऑइल परत डबीत जायचं बारीक छिद्र झाकतो. गाडी चालते, पॅड घासतात, डिस्क तापते, ऑइल फुगतं. फुगलेल्या ऑइलला वाट नाही, म्हणून पॅड आणखी आवळतात. मिस्त्री नवा लिव्हर बसवल्यावर पुढचं चाक उचलून हाताने फिरवतो ते एवढ्यासाठी.

शर्यतीच्या जगात हेच मिलिमीटर विकत घेतले जातात. इटलीच्या ब्रेम्बोच्या १९ आरसीएस मास्टर सिलिंडरमध्ये बोल्ट आणि पिस्टन यांतलं अंतर स्क्रूड्रायव्हरने १८ किंवा २० मिलिमीटर करता येतं. अठरावर ब्रेक हळूहळू चढतो, विसावर लगेच चावतो. आणि एफआयएम या मोटारसायकल शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत लिव्हरच्या टोकाला किमान १६ मिलिमीटरचा गोळा लागतो. पडलेल्या माणसाच्या अंगात अणकुचीदार टोक घुसू नये हा त्याचा हेतू. टोक कापून आखूड केलेले लिव्हर मिरवणाऱ्यांनी हा गोळा एकदा निरखून बघावा.

डोंगरदऱ्यांतून गाडी घालणारे याहून साधं काहीतरी करतात. योकखाली हँडलवर नळाला गुंडाळतात ती टेफ्लॉन टेप गुंडाळायची आणि बोल्ट बेताने आवळायचे. गाडी पडली की योक हँडलवर गरकन फिरतो आणि लिव्हर वाचतो. तरीही लडाख-स्पितीला निघताना क्लच वायरीसोबत एक साधा, कंपनीचा लिव्हर पिशवीत टाकलेला असतोच.