हुशार, पण...

"पोरगं हुशार आहे हो, नुसतं अभ्यास करत नाही." आपल्याकडे हे वाक्य तक्रारीच्या सुरात बोललं जातं, पण ज्याच्याबद्दल बोललं जातं त्याला ते आतून गोडच लागतं. अभ्यास केला नाही तोवर हुशारी शाबूत राहते. जीव तोडून केला आणि तरी जमलं नाही, तर?

नवी पेठेत राहत असल्यामुळे एमपीएससीची तयारी करणारी मुलं मला रोज दिसतात. चहाच्या टपरीवर कुणी तरी सांगत असतो, "यंदाचा अटेम्प्ट नुसता अनुभवासाठी." टेस्ट सिरीजचे पैसे भरलेले असतात, पण पेपर एकही दिलेला नसतो. आधी सिलॅबस पूर्ण होऊ दे म्हणे. पूर्वपरीक्षेच्या तोंडावर गावाकडचं एखादं लग्न अगदी टाळता न येण्यासारखं होऊन बसतं. याला आळस म्हणायला माझी जीभ वळत नाही. हाच मुलगा सकाळी सातला अभ्यासिकेत हजर असतो, चार रंगांच्या पेनांनी नोट्स काढतो, लक्ष्मीकांत संपवून राज्यघटनेवरचं आणखी एक पुस्तक आणतो. ज्यात गुण पडतील तेवढी एक गोष्ट सोडून बाकी सगळं तो मन लावून करतो.

१९७८ साली बर्गलास आणि जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना त्यांनी उत्तरच नसलेली कोडी घातली आणि वर सांगितलं की, तुम्ही उत्तम केलंत. मग पुढच्या चाचणीआधी दोन औषधं समोर ठेवली, एक बुद्धीला चालना देणारं, दुसरं ती मंद करणारं. आपल्याला शाबासकी कशाबद्दल मिळाली हे ज्यांना उमगलं नव्हतं, त्यांच्यातल्या मुलग्यांचा कल मंद करणाऱ्या औषधाकडे होता. म्हणजे पुढे घसरलो तर दोष औषधाचा. हे वाचताना मला आपल्या शाळांमधले पहिले नंबर आठवले. गावाने हार घालून एसटीत बसवून दिलेल्या मुलाला, आपण नेमके कशामुळे पहिले आलो, हे कुणी कधी सांगितलेलं असतं?

अर्थात सगळंच मनाचे खेळ म्हणून सोडून देणंही बरोबर नाही. जागा शेकड्यांत, अर्ज लाखांत आणि परीक्षा पुढे ढकलल्या जातात. ही भीती कुणी कल्पनेने रचलेली नाही.

आमच्या वरच्या खोलीत परभणीकडची एक मुलगी राहते. तीही पुष्कळ दिवस सिलॅबसच पुरा करत होती. मग तिने आणि तिच्या रूममेटने ठरवलं की, दर रविवारी एक उत्तर लिहायचं, वह्या बदलायच्या आणि लाल पेनने गुण द्यायचे. तयारी झालेली असो वा नसो. पहिल्यांदा दहापैकी तीन पडले. त्या रात्री ती जेवली नाही, असं तिनेच सांगितलं. हात अजून थरथरतो म्हणते. पण गेल्या रविवारी जिन्यावरून दोघींचा आवाज खालपर्यंत येत होता. अर्ध्या गुणासाठी भांडण चाललं होतं, आणि ती काही केल्या ऐकत नव्हती.